फायबरच्या डोंगीतील हवेच्या पिशव्या: पिशवी उत्तम, बांधणीचे सामान अपुरे

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर पक्षी आणि पाणवनस्पतींच्या नोंदी घेण्यासाठी मी फायबरची १६ फुटी कॅनू वापरतो. गावात तिला सगळे डोंगीच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवतो. गेल्या पावसाळ्याआधी तिच्या दोन्ही टोकांसाठी प्रत्येकी ६० लिटरच्या हवेच्या पिशव्यांची जोडी मी ऑनलाइन मागवली. एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

या पिशव्यांची गरज का पडते, हे तलावावरच्या एका ढिवर काकांनी माझ्या आधी ओळखले होते. “गुरुजी, लाकडाचा डोंगा पलटला तरी तरंगते जी, हे तुमचं फायबर मात्र खाली बसते,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते अगदी खरे आहे. काचतंतू आणि रेझिन यांचे मिश्रण पाण्यापेक्षा जड असते. काही बनावटीच्या डोंग्यांत टोकांना हवाबंद कप्पे दिलेले असतात, पण माझ्या डोंगीत ते नाहीत. पिशवी जितके लिटर पाणी बाजूला सारते, साधारण तितके किलो वजन ती वर उचलून धरते. त्याहून मोठा लाभ असा की, तिने अडवलेल्या जागेत पाणी शिरतच नाही आणि पलटलेली डोंगी काठाला ओढून आणणे दोघांच्या आवाक्यात राहते. अर्थात, पिशव्या डोंगीसाठी असतात. अंगावरच्या लाइफ जॅकेटची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

पिशवी म्हणून हा माल चांगला आहे. जाड विनाइलचे जोड सरळ आणि पक्के आहेत, आकार टोकाच्या निमुळत्या जागेत नीट बसतो आणि फुंकायची नळी इतकी लांब आहे की, आसनावरून न उठता हवा भरता येते. रात्रभर फुगवून ठेवलेली पिशवी सकाळी तशीच ताठ होती.

तक्रार आहे ती सोबतच्या बांधणीच्या सामानाबद्दल. खोक्यात नायलॉनची दोरी, कडी असलेल्या चिकटवायच्या चार चकत्या, गोंदाची एक नळी आणि एक पानी सूचना होती. चकत्या डोंगीच्या आत चिकटवून त्यांतून दोरी ओवावी, एवढेच त्यात लिहिले होते. तसे करून मी कमरेइतक्या पाण्यात डोंगी मुद्दाम पलटवली. पुढची पिशवी जागेवर राहिली. मागच्या टोकाच्या दोन चकत्या मात्र सुटल्या, पिशवी दोरीखालून सरकत मध्यभागी आली आणि ते टोक पाण्याखाली गेले. सुटलेली चकती उलटी करून पाहिली, तर गोंदावर काचकापडाच्या विणीचे फक्त ठिपके उमटलेले होते. म्हणजे चकती विणीच्या उंचवट्यांवरच टेकली होती आणि मधल्या खळग्यांत गोंद पोहोचलाच नव्हता. पृष्ठभाग आधी घासावा, हे त्या पानावर कोठेही नव्हते, आणि सुरक्षिततेच्या वस्तूबाबत ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसऱ्या वेळी मी तळातली जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, अ‍ॅसिटोनने पुसली, विणीतील खळगे घट्ट एपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) भरून सपाट केले, ते पूर्ण वाळल्यावर पुन्हा घासले आणि मगच चकत्या बसवल्या. वरच्या बाजूला चकत्यांवर विसंबलो नाही. काठाच्या पट्टीखाली साधारण ३ सेंटिमीटरवर, दर १० सेंटिमीटरला एक, अशी ५ मिलिमीटरची छिद्रे पाडली. ड्रिल हळू चालवावे आणि छिद्राच्या जागी आधी चिकटपट्टी लावावी, नाहीतर कडा तडकतात. प्रत्येक छिद्राची आतली कड एपॉक्सीने बंद करणे आवश्यक आहे, कारण उघड्या तंतूंतून पाणी आत झिरपत राहते. त्या छिद्रांतून आडवीतिडवी दोरी ओवल्यावर पिशवीवर जाळे तयार होते. तरीही पिशवी पुढे सरकू शकते, म्हणून टोकापासून जाळ्यावरून येऊन पिशवीच्या पुढे तळातल्या कडीत अडकणारा एक लांब पट्टा हवाच. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि नेमका तोच खोक्यात नाही. नायलॉनची दोरी भिजली की लांबते, म्हणून ती काढून मी पॉलिएस्टरची घातली. पिशवी अर्धवट फुगवून आत बसवावी, जाळे आवळावे आणि उरलेली हवा शेवटी भरावी, म्हणजे दोरी आपोआप ताणली जाते.

एवढे केल्यावर त्याच जागी पुन्हा पलटवलेली डोंगी दोन्ही टोके वर ठेवून आडवी तरंगत राहिली आणि ढिवर काकांनी ती एका हाताने काठाला लावली.

आपल्याकडच्या उन्हाचा विचारही सूचनेत नाही. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की, तिचे आकारमान सुमारे ७ टक्के वाढू पाहते. आधीच ताठ भरलेल्या पिशवीला वाढायला जागा नसते आणि सगळा ताण जोडांवर येतो. म्हणून डोंगी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ओढली की मी थोडी हवा सोडतो आणि पुन्हा पाण्यात उतरल्यावर दहा मिनिटांनी भरतो. शिंगाड्याच्या हंगामात डोंगीत शिंगाडे टाकायचे असतील, तर ते पिशवीपासून दूर, टोपलीतच ठेवावेत. त्याच्या काट्याने माझ्या पुढच्या पिशवीला बारीक छिद्र पडले आणि खोक्यात ठिगळ नसल्यामुळे मला ते गोंदियाहून आणावे लागले. हंगाम संपल्यावर पिशव्या धुऊन, वाळवून, आढ्याला टांगून ठेवतो, कारण धानाच्या कोठीशेजारी ठेवलेले विनाइल उंदीर सोडत नाहीत.