अंगणाचं घर की टॉवरमधला फ्लॅट?

उपनगरात बैठी वसाहत होणार म्हटलं, की दोन तट पडतात. मला अशा वेळी नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, 1980च्या दशकात ते आखलं. आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरं, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. म्हणजे हाती पैसा आला की शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता खोली वाढवता येते. मुलं दारात खेळतात, पापड अंगणात वाळतात. म्हातारी माणसं उंबऱ्यावर बसून चार माणसांत असतात. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

टॉवरवाले म्हणतात, जमीन महाग, माणसं जास्त, वर चढावंच लागेल. लिफ्ट, वॉचमन, पार्किंग मिळतं, हेही खरं. पण दरमहा मेंटेनन्स भरायचा आणि घर एक फूटही वाढवता येत नाही. बैठ्या घरात पावसाळ्यात छत गळलं तर खर्च एकट्याचा. तरी मी अंगणच निवडेन.

मात्र बेलापुरातच कितीतरी मूळ घरं पाडून मोठी काँक्रीटची बांधली गेली. नव्या वसाहतीत उंचीची मर्यादा पहिल्याच दिवशी करारात लिहून घ्या.