घरचा जुना संगणक: विंडोज ७ की लिनक्स मिंट?
यवतमाळकडच्या गावांत अजूनही काही घरी विंडोज ७ चालते. त्यावरच सातबारा निघतो, पीकविमा भरला जातो, बँकेचा पासवर्डही टाकला जातो. मला याची खरंच काळजी वाटते. २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सर्वाधिक फटका विंडोज ७ लाच बसला. त्यावरची मायक्रोसॉफ्टची सुरक्षा दुरुस्ती (अपडेट) दोन महिने आधी आली होती, अनेकांनी टाकलीच नव्हती. १४ जानेवारी २०२० पासून तर मायक्रोसॉफ्टने सर्वसामान्यांसाठी दुरुस्त्याच थांबवल्या.

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकता येणारी संगणकप्रणाली. ती फुकट आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि सुरक्षा अपडेट मिळत राहतात. विंडोजवरच्या श्रीलिपी या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणाऱ्यांना मात्र युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारं मराठी टाइपिंग, शिकावं लागेल. खोट्या लिंकपासून मिंटही वाचवणार नाही.

तरी माझं मत मिंटलाच. विंडोज ७ ठेवायचीच असेल, तर तिला इंटरनेट जोडू नका.