सेकंडरी एअरचा कोड आलाय? नवा पंप मागवायच्या आधी हातातला व्हॅक्यूम पंप घ्या – वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०४१० नाहीतर पी०४११ नाहीतर पी०४९१ असा सेकंडरी एअरच्या बिघाडाचा कोड दिसतोय आणि मेकॅनिक म्हणतोय एअर पंप गेलाय बदलावा लागेल, तर थांबा. आधी मुठीत धरून दाबायचा, वर गोल गेज असलेला तो छोटा व्हॅक्यूम पंप मिळतो ना, ब्रेक ब्लीड करायला (ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायला) पण वापरतात, तो घ्या. मी मेटल बॉडीचा घेतला, सोबत पाइप, दोन-तीन टी जॉइंट, रबराचे निमुळते अडॅप्टर आणि एक प्लास्टिकची बाटली आली. गाडीच्या कामासाठी घेतलेल्या हत्यारांत एवढं उपयोगी पडलेलं दुसरं माझ्याकडे नाही, आणि का ते नीट सांगतो कारण नुसतं "मस्त आहे घ्या" म्हणून कोणाचंच भलं होत नाही.

सेकंडरी एअरची ही सिस्टिम काय करते ते आधी थोडक्यात. गार इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि ते सगळं जळत नाही, त्यात एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार असतो, तो साधारण २५० ते ३०० डिग्रीला पोचल्याशिवाय कामालाच लागत नाही. म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एक इलेक्ट्रिक पंप, म्हणजे एअर पंप, चालू करतो, तो बाहेरची हवा ओढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे पोर्टमध्ये ढकलतो, उरलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतं आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टर लवकर तापतो. मिनिट दीड मिनिटाचं काम, मग पंप बंद. सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो तो हाच.

आता पंप आणि एक्झॉस्ट यांच्या मध्ये एक व्हॉल्व्ह असतो, बरेच जण त्याला कॉम्बी व्हॉल्व्ह म्हणतात. पंप चालू असताना (बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमच्या ओढीने) उघडायचं आणि बाकी सगळा वेळ घट्ट बंद राहायचं, एवढीच त्याची दोन कामं, पण दुसरं काम जास्त महत्त्वाचं. तो नीट बंद झाला नाही की गरम एक्झॉस्ट उलटा फिरून पाइपातून पंपापर्यंत येतो, एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ भरपूर असते, ती गार पंपात जाऊन पाणी होते, आतलं बेअरिंग गंजतं आणि एक दिवस पंप जाम. म्हणजे मेला पंप, पण मारला व्हॉल्व्हने. आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवून नवा पंप बसवला की तो पण त्याच वाटेने जाणार.

माझ्या मावसभावाच्या गाडीत अगदी हेच झालं. एका गॅरेजमध्ये कोड वाचला आणि थेट पंप बदलला, काही महिने बरं चाललं, मग सुरू करताना घरघर आणि परत तोच दिवा. तो दुसरा पंप काढून मी तिरका केला तर तोंडातून तांबूस गढूळ पाणी गळलं आणि आतल्या फोमचा भुगा हाताला लागला. व्हॉल्व्हकडे कोणी बघितलंच नव्हतं. मला राग पैशाचा नाही, राग याचा की ती टेस्ट पाच मिनिटांची आहे आणि तिला लागणारं हत्यार ओट्यावरच्या खणात मावतं.

तर टेस्ट अशी. इंजिन बंद आणि गार. कॉम्बी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बारीक निप्पल असतो त्याचा व्हॅक्यूमचा पाइप काढायचा आणि तिथे आपला पंप लावायचा, मुठ दाबत गेजचा काटा १८-२० इंच पाऱ्यावर (गेजवरचं व्हॅक्यूमचं माप) न्यायचा. गाडी आयडलला असताना इंजिनच्या हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये साधारण १८ ते २२ इंच मिळतं, म्हणून तेवढंच द्यायचं. काटा तिथेच राहिला पाहिजे. हळूहळू खाली यायला लागला तर व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय, विषय संपला. काटा टिकला तर मग एअर पंपाकडून येणारा जाड होज काढून व्हॉल्व्हच्या तोंडात हवा फुंकून बघायची, व्हॅक्यूम असताना हवा आरपार गेली पाहिजे आणि व्हॅक्यूम सोडल्यावर अजिबात जाता कामा नये. व्हॅक्यूम देऊन पण जात नसेल तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय किंवा पुढचा रस्ता कार्बनने बुजलाय. व्हॅक्यूम सोडून पण जात असेल तर तोच तो पंप मारणारा व्हॉल्व्ह. खात्री करायची असेल तर होज काढलेलाच ठेवून इंजिन सुरू करा आणि तोंडापासून अंतर ठेवून तळहात धरा, एक्झॉस्टचे फुक-फुक धक्के लागले की समजा गळतोय. बोट आत घालू नका, ते गरम असतं. आणि जुन्या होजच्या आतून बोट फिरवून बघा, काळी काजळी लागली तर एक्झॉस्ट बऱ्याच दिवसांपासून मागे येतोय.

इथपर्यंत बरेच जण करतात. माझ्या मते या हत्याराची खरी किंमत पुढे वसूल होते, व्हॅक्यूमच्या लाइनमध्ये. व्हॉल्व्हला व्हॅक्यूम पाठवायला एक सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडबंद होणारा छोटा व्हॉल्व्ह, असतो, ईसीयूने करंट दिला की तो मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम व्हॉल्व्हकडे सोडतो आणि करंट गेला की लाइनमधला व्हॅक्यूम बाहेर सोडून देतो. लोक त्याला बॅटरीचा करंट देतात, टिक आवाज येतो, आणि म्हणतात चांगलाय. टिक म्हणजे फक्त कॉइल जिवंत आहे. आतून वाट मोकळी आहे का, सील धरतंय का, हे टिक सांगत नाही. आपला पंप सोलेनॉइडच्या एका तोंडाला लावायचा, दुसरं तोंड बोटाने दाबून धरायचं, करंट दिल्यावर काटा टिकला पाहिजे, बोट उचललं की झटकन शून्यावर आला पाहिजे. मी बघितलेल्या एका सोलेनॉइडमध्ये टिक अगदी खणखणीत यायची पण काटा ८ इंचाच्या वर जातच नव्हता कितीही दाबा, आतलं सील गेलं होतं. मल्टिमीटरवर रेझिस्टन्स अगदी बरोबर. हे गेजशिवाय कसं कळलं असतं सांगा.

मग राहिले बारीक पाइप. मॅनिफोल्डच्या मागे जाणारे, वरून दिसतच नाहीत. मावसभावाच्या गाडीत नवा व्हॉल्व्ह बसवून सुद्धा फ्लो कमीचाच कोड आला, मग मी लाइन तुकड्या-तुकड्याने तपासली, एक टोक बंद करायचं, दुसऱ्याला पंप लावायचा, काटा बघायचा, पुढचा तुकडा. एका तुकड्याला १८ वरून काटा सरळ घसरत खाली. तो रबराचा एल्बो हातात घेतला तर वरून चांगला काळा चकचकीत, पण तेलाने फुगून मऊ पडलेला, आणि वाकवल्यावर खालच्या बाजूने ओठ उघडावेत तशी चीर उघडली, सोडला की परत बंद. नुसतं बघून सापडणं शक्यच नव्हतं. लाइनमधला वनवे व्हॉल्व्ह (हवा एकाच बाजूने जाऊ देणारा) पण असाच दोन्ही बाजूंनी तपासायचा, एका बाजूने व्हॅक्यूम धरायला हवा आणि दुसऱ्या बाजूने नाही. काही लोक तो काढून उलटा बसवतात आणि मग जन्मभर शोधत बसतात.

कोडवरून कुठून सुरुवात करायची हे पण सांगतो कारण त्याने वेळ वाचतो. पी०४१२, पी०४१३, पी०४१४ हे व्हॉल्व्हच्या किंवा सोलेनॉइडच्या वायरिंगचे, पी०४१८ रिलेच्या सर्किटचा, तिथे व्हॅक्यूम पंप बाजूला ठेवा आणि फ्यूज रिले कनेक्टर बघा. पी०४९१ आणि पी०४९२ म्हणजे अनुक्रमे बँक १ आणि बँक २ ला, म्हणजे सिलेंडरच्या एका आणि दुसऱ्या रांगेला, हवा कमी पोचतेय. व्ही इंजिनमध्ये दोन्ही एकदम आले तर दोघांना मिळून जे आहे तिथे शोधा, पंप, मुख्य होज, व्हॅक्यूमचा सप्लाय. एकच आला तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह किंवा त्या बाजूच्या हेडमधली हवेची भोकं. एवढा साधा विचार केला तरी अर्धं काम झालं.

आता याला काय जमत नाही ते पण प्रामाणिकपणे. बऱ्याच नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, काहींत पंपाच्या हवेच्या दाबानेच उघडतो, तिथे व्हॅक्यूमची लाइनच नाही, मग या हत्याराचा उपयोग शून्य. हवा किती जातेय हे पण हे सांगत नाही. त्यासाठी स्कॅनर हवा जो पंप आणि व्हॉल्व्ह स्वतः चालू करू शकतो, इंजिन गरम असताना आयडलला पंप चालू केला की कन्व्हर्टरच्या आधीच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज घसरून तळाला बसलं पाहिजे कारण एक्झॉस्टमध्ये जास्तीची हवा आली. व्होल्टेज हललंच नाही आणि तुमचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, लाइन, पंप सगळं पास झालंय, तर हेडमधल्या वाटा कार्बनने बुजल्यात. ते मात्र किचकट काम आहे, खरवडलेला कार्बन कुठे पडतो याचा विचार करूनच हात घालावा, आणि इंजिन तेल पीत असेल तर ते आधी बघावं नाहीतर परत बुजणार.

एअर पंपाची स्वतःची मोटर पण याने तपासता येत नाही. ती चालतच नसेल तर आधी मोठा फ्यूज आणि रिले, मग कनेक्टरवर करंट येतोय का ते चांगल्या लोडच्या टेस्ट लॅम्पने बघा, कारण हा पंप भरपूर अँपिअर ओढतो आणि गंजलेल्या पिनवर मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो पण लोड आला की तिथेच सगळं बसतं. थेट बॅटरीवरून चालवून बघणार असाल तर मध्ये फ्यूज टाका आणि फार वेळ चालवू नका, हा सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो.

हत्यार विकत घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी पाइपच्या तोंडावर बोट घट्ट दाबून २० इंचापर्यंत न्या आणि एक-दोन मिनिटं ठेवा, काटा हलता कामा नये. जो पंप स्वतःच गळतो तो प्रत्येक चांगल्या व्हॉल्व्हला फाटका ठरवणार, आणि स्वस्तातल्या प्लास्टिकवाल्यांमध्ये हे फार आहे. माझ्यात पंप चांगला निघाला पण सोबत आलेले अडॅप्टर ढिले होते, सुरुवातीला गळती तिथूनच यायची, ते फेकून सिलिकॉनचा पाइप वेगवेगळ्या मापात आणला तेव्हा काम सोपं झालं. गेजच्या आकड्यांचा रंग फिका आहे, इंजिनच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च धरून वाचताना डोळे ताणावे लागतात, हे मला खरंच आवडलं नाही. काट्याचा शून्य बरोबर शून्यावर आहे का ते बघून घ्या. व्हॅक्यूम सोडायचा खटका बोटाजवळ हवा, मागे असेल तर एका हाताने काम होत नाही आणि दुसरा हात तर होज धरण्यात अडकलेला असतो. उंचावर राहत असाल तर आकडे कमी दिसतील, दर ३०० मीटरला साधारण एक इंच, तेव्हा १८ इंच नाही आले म्हणून पंप परत करू नका.

देखभाल म्हणजे आत सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब, साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको कारण रबर फुगतं. ब्रेकचं ऑइल बाटलीतून पुढे पंपात जाऊ देऊ नका, ब्रेकसाठी वापरताना बाटली अर्धी भरली की रिकामी करा.

काही जण विचारतील एवढं कशाला, हवेची लाइन बंद करून कोड दाबून टाकू. मी ते करणार नाही आणि सांगणार पण नाही, गार इंजिनचा सगळ्यात घाण धूर पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच निघतो आणि ही सिस्टिम त्याच्यासाठीच आहे, शिवाय बऱ्याच ठिकाणी ती काढणं कायद्यात बसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून लगेच "झालं" म्हणू नका. गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी सुरू करून पंपाचा आवाज ऐका, आणि स्कॅनरवर सेकंडरी एअरचा मॉनिटर (ईसीयू स्वतः करतो ती तपासणी) पूर्ण झालेला दिसेपर्यंत थांबा, तो बहुतेक गाड्यांत गार स्टार्टशिवाय चालतच नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो अडॅप्टर आणि फिक्या गेजसाठी. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर डोळे झाकून घ्या, इलेक्ट्रिक व्हॉल्व्हवाल्यांनी हेच पैसे चांगल्या स्कॅनरसाठी ठेवा.