रजाचिठ्ठी होती, पण ती आमची नव्हती

महानगरपालिकेचे लोक आमच्या फाटकावर नोटीस चिकटवून गेले, त्या दिवशी मागच्या खोलीचं लिंटल भरून झालं होतं आणि वरच्या खोलीचे कॉलम उभे होते. गवंड्यांना मी नुकताच चहा दिला होता. नोटीस गुजरातीत होती: कलम २६०, विनापरवानगी बांधकाम, खुलासा करा. वाचून मी घाबरलेसुद्धा नाही. कपाटातून रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, काढली आणि ह्यांना म्हटलं, "आपल्याकडे कागद आहे, उद्या दाखवून या."

मांजलपूरला आमचं टेनामेंट आहे. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, एका ओळीतली, भिंतीला भिंत लागलेली घरं. पुण्याकडे रो-हाऊस म्हणतात तीच. १९८९ साली घेतलं तेव्हा खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भांडी-धुणं करायची चोकडी एवढंच होतं. आम्हाला पुरत होतं. मुलाचं लग्न झालं, सूनबाईंना दिवस गेले, तेव्हा मागे एक आणि वर एक अशा दोन खोल्या काढायचं ठरलं. ही २०२४च्या दिवाळीनंतरची गोष्ट.

प्लॅन पास करून देणारा माणूस गणपतीत ओळखीचा झाला होता. दांडिया बाजारात वाढलेला, आमच्यासारखंच गुजराती मिसळलेलं मराठी बोलणारा. घरी आला, चप्पल बाहेर काढली, देवघराकडे बघून हात जोडले. "काकू, प्लॅन, रजाचिठ्ठी, सगळं माझ्यावर सोडा. आपल्या माणसांकडून मी कमावणार नाही." दुसरा एक गुजराती इंजिनियर नियमाने काम करू म्हणत होता, पण तो मागच्या खोलीला सरळ नाही म्हणाला आणि वरच्या खोलीला वेळ लागेल म्हणाला. आम्ही आपला माणूस निवडला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

पंचाऐंशी हजार ठरले. पहिले २५,००० ह्यांनी मोबाइलवरून पाठवले. पुढचे साठ हजार त्याने दोनदा रोख मागून नेले. पावती मागितली तर म्हणाला, "काका, हे वर द्यायचे असतात, त्याची पावती कोण देतं?" या वाक्यावर त्याला दारातूनच परत पाठवायला हवं होतं. आम्ही तसं केलं नाही, कारण काम लवकर व्हावं असं आम्हालाही वाटत होतं. पैसे वर कुठेही गेले नव्हते, ते त्याच्याच खिशात राहिले.

मागे चोकडीच्या जागी खोली बसत नाही, ती मार्जिनची जागा, मोकळी सोडायची, एवढं आम्हालाही माहीत होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "आधी बांधून घ्या, नंतर इम्पॅक्ट फी भरून टाकू. वेराबिलात खोली चढवली की झालं कायदेशीर." इम्पॅक्ट फी म्हणजे विनापरवानगी बांधकाम नियमित करून घ्यायला भरायची फी, वेराबिल म्हणजे घरपट्टीचं बिल. ऐकायला किती सोपं वाटतं! आसपास दहा जणांनी इम्पॅक्ट फी भरलेली असते, त्यामुळे शंकाही येत नाही.

हे दोन्ही खोटं आहे, आणि बडोद्यात अजून कितीतरी घरांत ते खरं मानलं जातं, म्हणून नीट सांगते. इम्पॅक्ट फीचा २०२२चा कायदा १ ऑक्टोबर २०२२च्या आधी उभ्या असलेल्या बांधकामांसाठी आहे. आज वीट ठेवायची आणि उद्या फी भरून ती नियमात बसवायची, अशी सोय त्यात नाही. त्याला नवी खोली जुनी म्हणून दाखवायची होती, आणि त्यासाठी त्याने आमच्याकडून कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या. तो कागद अजून त्याच्याकडे आहे. आणि वेरा म्हणजे फक्त कर. विनापरवानगी खोलीचाही वेरा आकारला जातो. बिलात खोली आली म्हणून ती मंजूर झाली असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी हे खंडेराव मार्केटला गेले. महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय तिथेच आहे. तिथून त्यांना बांधकाम परवानगीच्या विभागात पाठवलं. टेबलावरच्या माणसाने रजाचिठ्ठी हातात घेतली, क्रमांक संगणकात टाकला आणि पडदा ह्यांच्याकडे वळवला. तो क्रमांक खरा होता. नाव दुसऱ्याच माणसाचं, पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा. "वडील, तमारी अरजीज नथी," एवढंच तो म्हणाला. अर्जच केलेला नव्हता. हे घरी आले ते जेवले नाहीत.

त्या रात्री मी तो कागद ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. कोणाच्या तरी खऱ्या रजाचिठ्ठीची झेरॉक्स. आमच्या नावाची ओळ बाकीच्या ओळींपेक्षा किंचित वर चढलेली, अक्षरं जराशी जाड, आणि नावाभोवती चिकटवलेल्या पट्टीच्या कडेची बारीक सावली. गोल शिक्का मात्र ओला, जांभळा, वरून मारलेला. खाली टी.पी. स्कीम (नगररचना योजना) आणि तिच्यातल्या फायनल प्लॉटचा नंबर होता, तो आमच्या दस्तावेजात आहे त्याहून वेगळा. चार महिने तो कागद आमच्या कपाटात होता. दस्तावेज त्याच कपाटात, त्याच खणात. दोन्ही शेजारी ठेवून एकदाही पाहिले नाहीत.

आता कोणी खोली काढायची म्हटलं की मी आधी विचारते, अर्ज कोणाच्या नावाने गेला? अर्ज ऑनलाइन जातो, आणि तो नोंदणी असलेल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनियरमार्फत जातो. त्याला पर्सन ऑन रेकॉर्ड म्हणतात. मधला माणूस कितीही गोड बोलो, त्या आर्किटेक्टला स्वतः भेटा. त्याची सही असलेला नकाशा घ्या. रजाचिठ्ठी हातात आली की विटांची ऑर्डर देण्याआधी तिचा क्रमांक कार्यालयात जाऊन दाखवा. आमचं तिथे दहा मिनिटांत कळलं, एक रुपया लागला नाही. फक्त चार महिने उशिरा गेलो. शेजाऱ्यांशीही आधी बोला. आमच्या सामायिक भिंतीला ठोकाठोकीने तडा गेला, त्यांनी दोनदा सांगितलं, आम्ही "आमच्याकडे परवानगी आहे" असं तोऱ्यात उत्तर दिलं. तक्रार त्यांनीच केली, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पोलिसांत अर्ज दिला आहे, फसवणूक आणि खोटा दस्तऐवज. पुरावा म्हणून हातात आहेत मोबाइलवरून गेलेले २५,००० आणि ती झेरॉक्स. रोख साठ हजारांचा कुठे मागमूस नाही. स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांचंही त्या अर्जात लिहून ठेवलं आहे, उद्या तो कागद कुठे निघाला तर आमच्याकडे तारीख असावी म्हणून. त्याचा फोन बंद आहे. बांधकामात घातलेले साडेतीन लाख वेगळेच.

मागची खोली आम्ही स्वतःच पाडून घेतली. ज्या गवंड्याने बांधली त्यालाच बोलावलं. तो मजुरी घ्यायला तयार नव्हता, ह्यांनी जबरदस्तीने दिली. वरच्या खोलीचा अर्ज आता त्याच गुजराती इंजिनियरने भरला आहे, ज्याला आम्ही पहिल्यांदा परत पाठवलं होतं. उत्तर यायचं आहे. गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या आहेत, त्यांवर निळी ताडपत्री बांधली आहे. सूनबाई बाळंतपणाला माहेरी, जळगावला गेल्या. नात झाली. तिला अजून इथे आणलेलं नाही, खोली नाही म्हणून.