फादर ब्राउनच्या रहस्यकथा: आठ महिने घरात मोठ्याने वाचल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती आले, तेव्हा घरच्या गरजा भागवून मी स्वतःसाठी एकच वस्तू मागवली, ती म्हणजे जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाच्या फादर ब्राउन कथांचा एकत्रित इंग्रजी संग्रह. अचलपूर तालुक्यातील आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, त्यामुळे पुडके परतवाड्याला जाऊन घ्यावे लागले, आणि परतीच्या एस.टी.तच पहिली कथा निम्मी वाचून झाली. तेव्हापासून आता मृगाच्या तोंडापर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, हे पुस्तक आमच्या घरी वापरात आहे. ‘वापरात’ हा शब्द मी जाणूनबुजून योजते, कारण ते एकटीने वाचून कपाटात ठेवले गेले नाही. रात्रीची जेवणे आटोपली की मी त्यातील कथा सासूबाईंना आणि शेजारच्या काकूंना वऱ्हाडीत सांगत असे, आणि काही कथा तर त्यांच्या आग्रहाखातर दोनदा-तीनदा सांगाव्या लागल्या. नव्याच्या उत्साहात लिहिलेले अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. रहस्य एकदा उलगडल्यानंतर रहस्यकथेत काय शिल्लक राहते, हे मात्र महिने गेल्यावरच कळते, म्हणून हा अभिप्राय इतक्या उशिरा लिहीत आहे.

आमचे घर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहे. मला हवी होती ती अशी एखादी हलकीफुलकी रहस्यकथा, जिच्यात गुन्हा घडेल पण रक्ताचे पाट वाहणार नाहीत, शोध घेणारा पोलीस खात्यातला नसून साधा श्रद्धावंत माणूस असेल, आणि जी वयस्कर माणसांसमोर संकोच न बाळगता वाचता येईल. या जातीच्या अलीकडच्या दोन-तीन इंग्रजी कादंबऱ्या मी आधी मोबाइलवर वाचून पाहिल्या होत्या. त्यांत कुठे बेकरी चालवणारी बाई, तर कुठे पाळकाची पत्नी फावल्या वेळात खुनाचा छडा लावते, गाव गोंडस असते, एखादे मांजर असते, आणि दर चार प्रकरणांनी एक प्रार्थना येते. वाचायला त्या सुखद आहेत, परंतु प्रार्थनेची पाने वगळली तरी कथेचे काहीच अडत नाही, हे माझ्या ध्यानात आले. श्रद्धा जर कथेत असेल, तर ती गुन्हा उलगडण्याच्या कामी आली पाहिजे, अशी माझी अपेक्षा होती, आणि म्हणून मी या परंपरेच्या मुळाशी, म्हणजे फादर ब्राउनकडे गेले.

फादर ब्राउन हा इंग्लंडमधील एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा कॅथलिक धर्मगुरू आहे. हाती न मावणारी मोठी छत्री, कागदात गुंडाळलेली पुडकी आणि चेहऱ्यावर भोळेपणा, असा त्याचा अवतार असल्यामुळे त्याला कोणी फारसे मोजत नाही. त्याची पहिली कथा 1910 मध्ये छापली गेली, बारा कथांचे पहिले पुस्तक ‘द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन’ 1911 मध्ये निघाले, आणि पुढे 1914, 1926, 1927 व 1935 या वर्षी आणखी चार पुस्तके आली. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले ते 1922 मध्ये, म्हणजे पहिली दोन पुस्तके लिहिताना ते त्या पंथाचे नव्हतेच. जॉन ओकॉनर या त्यांच्या स्नेही धर्मगुरूवरून हे पात्र सुचले. ओकॉनर यांना मानवी दुष्टपणाची केवढी खोल माहिती आहे, हे एका संभाषणात कळून चेस्टरटन थक्क झाले होते, आणि त्यानंतर थोड्याच वेळाने केंब्रिजचे दोन विद्यार्थी चेस्टरटन यांच्यासमोरच म्हणू लागले की या बिचाऱ्या धर्मगुरूंना बाहेरच्या जगातील पापाची काय कल्पना असणार! ही हकिकत चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. माझ्या मते सगळ्या कथांचे बीज या एका प्रसंगात आहे. ज्याच्यापुढे माणसे आयुष्यभर आपली पापे कबूल करतात, तोच गुन्हेगाराला सर्वांत जवळून ओळखणार.

ज्यांना रहस्य आधी कळू नये असे वाटते, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

‘द क्विअर फीट’ ही कथा आमच्याकडे सर्वांत लोकप्रिय ठरली. एका अतिश्रीमंत मंडळाच्या मेजवानीत मासे खाण्याचे चांदीचे काटे-सुऱ्या चोरीस जातात. शेजारच्या खोलीत लिहीत बसलेल्या फादर ब्राउनला बाहेरच्या बोळात कधी लगबगीची, कधी रमतगमत चालल्यासारखी पावले ऐकू येतात, आणि ती एकाच माणसाची असल्याचे तो केवळ कानांनी ओळखतो. पाहुणे आणि वाढपी या दोघांचाही पोशाख काळाच असल्यामुळे चोर पाहुण्यांमध्ये वाढप्यासारखा आणि वाढप्यांमध्ये पाहुण्यासारखा वावरलेला असतो. इंग्रजी क्लबातील हा पोशाखाचा भाग सासूबाईंना कसा समजावून सांगावा, या विचारात मी होते, तोच काकू म्हणाल्या, “अव, हा त लग्नातला फुकट्या हाय! नवरीकडच्याईले वाटते नवरदेवाकडचा, अन् नवरदेवाकडच्याईले वाटते नवरीकडचा.” याहून नेमके स्पष्टीकरण मला कोणत्याही टीपेत सापडले नसते. कथेच्या शेवटी मात्र दोघींनी मिळून माझी कोंडी केली. फादर ब्राउन चांदी परत मिळवतो आणि चोराला जाऊ देतो, हे सासूबाईंना अजिबात पटले नाही. “काहून सोडलं त्याले? हाती सापडला होता ना!” हा त्यांचा प्रश्न पुढे कित्येक रात्री निघत राहिला. त्या मंडळातले श्रीमंत लोक स्वतःला कोळी म्हणवतात आणि लेखकाने त्यावर बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने आपल्या शिष्यांना म्हटलेले ‘माणसे धरणारे’ कोळी उभे केले आहेत, हे मी त्यांना सांगितले. सासूबाईंना तो उतारा तोंडपाठ आहे. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की गळ टाकणारा माणूस दोरी हातातून सोडत नसतो, म्हणजे हा चोर पुढे परत येणार. तो खरोखरच परत येतो. फ्लॅम्बो नावाचा हा चोर नाताळाच्या दुसऱ्या दिवशी घडणाऱ्या ‘द फ्लाइंग स्टार्स’ या कथेत शेवटची चोरी करतो, फादर ब्राउनच्या सांगण्यावरून हिरे परत करतो, आणि पुढच्या कथांमध्ये त्याच धर्मगुरूचा मित्र होऊन स्वतः शोधकार्य करू लागतो. ती कथा मी मुद्दाम 26 डिसेंबरच्या रात्रीसाठी राखून ठेवली होती. आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद सासूबाईंच्या चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशीही होता.

याउलट ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही जगभर नावाजलेली कथा आमच्या ओसरीवर सपशेल पडली. घरात कोणीही शिरले नाही असे पहाऱ्यावरची चार माणसे शपथेवर सांगतात, आणि खुनी तर त्यांच्या डोळ्यांदेखत आत जाऊन बाहेर आलेला असतो, कारण तो पोस्टमनच्या वेशात असतो आणि पोस्टमनकडे कोणाचे लक्षच नसते. लंडनमध्ये असे होत असेल. आमच्या गावात पोस्टमनची सायकल वेशीवर दिसली की त्याच्या पिशवीत कोणाचे काय आहे, याची चर्चा तो पोहोचण्याआधी सुरू होते. दोघींनीही कथा अमान्य केली आणि मी पुस्तक मिटले. मग सासूबाई आपणहून म्हणाल्या, “वेचणीच्या बायका.” कापसाच्या हंगामात दहा-पंधरा बाया पहाटे आमच्याच अंगणातून पाण्याचे डबे भरून वावरात जातात, आणि सकाळी कोणी येऊन गेले का असे विचारले, तर घरातला प्रत्येक जण ‘कोणी नाही’ असेच सांगेल. तरुणपणी सासूबाई स्वतः वेचणीला जात असत. त्यानंतर ती कथा आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

शोध घेण्याची फादर ब्राउनची रीत इतर गुप्तहेरांपेक्षा निराळी आहे. आमच्या सासऱ्यांच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयच्या कथा अजून आहेत. तिथला नायक धाडसाच्या आणि चलाखीच्या बळावर गुन्हेगाराच्या पुढे राहतो. फादर ब्राउन सिगारेटची राख तपासत नाही की वेषांतर करून कोणाचा पाठलाग करत नाही. 1927 च्या पुस्तकात तो आपले गुपित सांगतो, ते असे की प्रत्येक खून त्याने स्वतः केलेला असतो. म्हणजे आपले मन अगदी त्या खुन्यासारखे होईपर्यंत तो विचार करतो, आणि तसे झाले की खुनी कोण हे त्याला कळते. हे एक प्रकारचे आत्मपरीक्षण आहे. आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींत धर्मगुरूपुढे खाजगीत पापनिवेदन करण्याची प्रथा नाही, त्यामुळे कथांमधील तो भाग सासूबाईंना प्रथम परका वाटला, परंतु प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे चर्चमधील भाकर-द्राक्षारसाच्या विधीपूर्वी, मनाची झडती घेण्याची सवय त्यांना असल्यामुळे ही रीत त्यांना माझ्याहून लवकर समजली. ‘द हॅमर ऑफ गॉड’ या कथेत फादर ब्राउन एका माणसाला चर्चच्या उंच सज्जावर नेऊन सांगतो की फार उंचावरून प्रार्थना करू नये, कारण तिथून खालची माणसे किड्यांसारखी दिसू लागतात. चिखलदऱ्याच्या कड्यावरून खालची गावे पाहिलेल्या कोणालाही ही कथा पटेल. संग्रहातील ती मला सर्वांत सरस वाटते, आणि तिचा शेवट मी येथेही सांगणार नाही.

1926 चे तिसरे पुस्तक मी आधी हलके लेखले होते, पण गावात त्याचाच उपयोग सर्वांत अधिक झाला. त्यातील आठही कथांत शाप, भविष्यवाणी किंवा चमत्कार घडल्याचा बोभाटा होतो, शिकलीसवरलेली माणसे त्यावर विश्वास ठेवून मोकळी होतात, आणि चमत्कार मानणारा म्हणून ज्याची थट्टा होते तो धर्मगुरूच तेवढा शांतपणे म्हणतो की हे माणसाचे काम आहे. करणी आणि भानामतीची कुजबुज आमच्या भागात अजून ऐकू येते. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला असला, तरी ती कुजबुज कायद्याने थांबलेली नाही. काकू या कथा आता आपल्या बचत गटातील बायकांना स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात फादर ब्राउन मोर्शीकडचा कोणीतरी म्हातारा फादर झाला आहे.

आता दोषांविषयी लिहिते. हलकेफुलके म्हणून हे पुस्तक लहान मुलांच्या हाती सरसकट देऊ नये. पहिल्या पुस्तकातील दुसरीच कथा, ‘द सिक्रेट गार्डन’, धडावेगळ्या मुंडक्याची आहे, आणि ती मी आधी वाचून न पाहताच सांगायला घेतल्यामुळे मला मध्येच थांबून विषय बदलावा लागला. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. युरोपाबाहेरच्या माणसांविषयी चेस्टरटन यांची लेखणी अनेकदा अनुदार होते. ‘द रॉंग शेप’ या कथेतील भारतीय माणूस आणि पौर्वात्य कलाकुसरीविषयीचे शेरे वाचताना मला राग आला. 1914 च्या पुस्तकातील ‘द गॉड ऑफ द गॉंग्ज’मध्ये काळ्या माणसाचे चित्रण इतके तुच्छतेचे आहे की ती कथा मी सांगितलीच नाही. काळ तसा होता, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही, कारण हाच लेखक चोराच्या मनात इतक्या आपुलकीने शिरू शकतो. स्त्रिया या कथांमध्ये थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या बहुधा कोणाची तरी मुलगी किंवा वाग्दत्त वधू म्हणूनच येतात.

भाषेच्या बाबतीतही तयारी ठेवावी लागते. पुष्कळशा कथा देखाव्याच्या लांबलचक वर्णनाने सुरू होतात, वाक्ये उलटसुलट कोटिक्रमाने भरलेली असतात, आणि मी इंग्रजी शिकवत असूनही पहिल्या महिन्यात मला शब्दकोश जवळ ठेवावा लागला. तोंडी सांगताना मी वर्णने कापते, पण त्यामुळे काही ठिकाणी दुवेही कापले जातात, कारण लेखक दुवा बहुधा वर्णनातच लपवतो. सलग वाचल्यास कथा एकसाच्या वाटू लागतात. आठवड्याला दोन हे प्रमाण आमच्याकडे बसले. शेवटचे, 1935 चे पुस्तक मला थकलेले वाटले.

मी घेतलेल्या प्रतीविषयी समाधान नाही. अक्षर बारीक आहे, कागदातून मागची छपाई दिसते, आणि तूर कापणीला येईपर्यंत मधली पाने सुटून हाती आली, ती मी दाभणाने शिवून घेतली. चेस्टरटन यांचे निधन 1936 मध्ये झाले असल्यामुळे आपल्याकडे या कथांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही, आणि पहिली दोन पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ही गोष्ट मला पैसे मोजल्यावर कळली. वीज नसताना मोबाइलवर अक्षर मोठे करून वाचणे अधिक सोयीचे पडते. तरीही नवीन वाचकाने पहिल्या पुस्तकाच्या बारा कथांनी सुरुवात करावी, दुसरी व सातवी कथा स्वतः वाचून मगच इतरांना सांगावी, आणि ‘द ब्लू क्रॉस’ मात्र कधीही गाळू नये, कारण साखरेच्या भांड्यात मीठ कोणी व का भरले, हे कळल्याशिवाय या माणसाची ओळख होत नाही.

चौथ्या पुस्तकातील तीन कथा आमच्याकडे अद्याप राहिल्या आहेत. सध्या बियाण्यांची धावपळ असल्यामुळे वाचन थांबले आहे. पेरणी उरकली की पुढची कथा घ्यायची, असे काकूंनी बजावून ठेवले आहे.