डीडीरेस्क्यू: मरणपंथाला लागलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर काही महिने वापरून झाल्यावर

जीएनयू डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कची प्रत काढून घेणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि दिसायला काळ्या खिडकीतल्या दहा-बारा ओळींपलीकडे काही नाही. अडीच इंची पोर्टेबल डिस्कवर हे काही महिने सतत वापरल्यावर एवढं नक्की सांगता येतं: डिस्क वाचली जात असेल, मग कितीही अडखळत का असेना, तर सुरुवात याच्यापासूनच करावी. हे फायली शोधून देत नाही. काय वाचायचं, कधी वाचायचं आणि कुठे नाद सोडायचा, हा क्रम सांभाळतं. बिघडत्या डिस्कमध्ये मोजकेच तास शिल्लक असतात आणि ते कशावर खर्च होतात यावरच सगळं ठरतं.

आधी डिस्कचा आवाज ऐका. ठरावीक लयीत खट्-खट् येत असेल तर हेड, म्हणजे फिरत्या चकतीवरून डेटा वाचणारा भाग, गेलेलं असण्याची शक्यता जास्त. बारीक बीप येतो आणि डिस्क फिरतच नाही, तेव्हा बहुधा हेड प्लेटरला, म्हणजे चकतीला, चिकटलेलं असतं किंवा मोटर अडकलेली असते. दोन्हींत सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. वीज काढा आणि पुन्हा लावून बघू नका. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. आत दव धरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर हमखास. सर्किट बोर्ड बदलायचा जुना उपायही आताच्या डिस्कवर तसाच चालत नाही. त्या विशिष्ट डिस्कची मापं बोर्डावरच्या रॉममध्ये असतात. ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

आवाज ठीक असेल तर केबल आणि वीज तपासा. युएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, युएसबी ३ पोर्ट ९००. फिरायला लागताना अडीच इंची डिस्क एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर अडखळणारी डिस्क मागच्या पोर्टवर किंवा वेगळा अडॅप्टर असलेल्या हबवर कधीकधी निमूट चालते. मग स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे वाचा. एक्स्टर्नल डिस्कला प्रकार 'सॅट' असा सांगावा लागतो, आणि काही केसिंगमधून आकडे येतच नाहीत. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर किंवा कनेक्टरवर. १९७ दर वेळी बघताना वाढलेला दिसतोय? मग तपासण्या थांबवा आणि कॉपीला लागा. लाँग सेल्फ टेस्ट तर लावूच नका. सगळी डिस्क वाचून होते आणि हाती एक बाइट लागत नाही.

विंडोज या कामासाठी वाईट. डिस्क लावली की 'फॉरमॅट करायची आहे का' विचारतं, नाहीतर 'स्कॅन अँड फिक्स' पुढे करतं. चेकडिस्कने दुरुस्ती म्हणजे खिळखिळ्या डिस्कवर लिहिणं. फोल्डरांची मांडणी मोडते आणि सगळं 'फाउंड डॉट ०००' नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे होऊन पडतं. लिनक्सचा प्रकार असलेलं उबंटूही डिस्क आपोआप माउंट करतं, म्हणजे वापरायला जोडून घेतं. म्हणून पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू हे तिथूनच चालणारं लिनक्स घ्यावं. ते स्वतःहून काही माउंट करत नाही, आणि डीडीरेस्क्यू, शिवाय फायली परत मिळवणारे टेस्टडिस्क आणि फोटोरेक, तिघंही त्यात आहेत. डेबियन-उबंटूवरच बसवायचं असेल तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. डीडी_रेस्क्यू नावाचा दुसरा, वेगळ्याच माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आहे. त्याचे पर्याय इथे लागू पडत नाहीत.

आज्ञेत तीन गोष्टी क्रमाने येतात: मूळ डिस्क, प्रत, मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद). पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. यावर माझा उपाय असा, की प्रत नेहमी दुसऱ्या डिस्कवरच्या इमेज फाइलमध्ये, म्हणजे आख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या एका फाइलमध्ये, घ्यायची, थेट डिस्कवर नाही. थेट डिस्कवर लिहायचं असेल तरच 'फोर्स' हा पर्याय द्यावा लागतो. तो कधी टाइपच केला नाही, तर उलटी आज्ञा गेली तरी प्रोग्रॅम नकार देतो. इमेज ठेवायची डिस्क ईएक्सटी४ या फाइल सिस्टमची असावी. फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही. १ टीबीच्या डिस्कसाठी किमान २ टीबीची डिस्क घ्या, कारण इमेजमधून काढलेल्या फायलींनाही जागा लागते. आणि मूळ डिस्कचं नाव 'एसडीबी' असं देऊ नका. केबल काढून लावली की तीच 'एसडीसी' होते. 'बाय-आयडी' फोल्डरमधलं, सिरियल नंबर असलेलं लांबलचक नाव घ्या.

पहिली फेरी 'नो-स्क्रेप' (खराब भाग एकेक सेक्टर करून खरवडणं टाळणारा) आणि 'डायरेक्ट' (लिनक्सच्या कॅशेला वगळून थेट डिस्क वाचणारा) हे दोन पर्याय लावून. यात डीडीरेस्क्यू एका वेळी १२८ सेक्टर, म्हणजे ६४ केबी, वाचत जातं. कुठे अडलं की तिथे हट्ट धरत नाही. पुढे उडी मारतं, आणि पुन्हा अडलं तर आधीपेक्षा मोठी उडी. पुढच्या फेरीत उलट्या दिशेने येऊन सुटलेलं उचलतं. चांगला भाग आधी हातात येतो तो यामुळेच. साधं कॉपी-पेस्ट नेमकं उलट वागतं. पहिल्याच खराब सेक्टरशी झटत बसतं आणि डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य तिथेच जातं. 'मिनिमम रीड रेट' १ एमबी दिला तर रडतखडत वाचले जाणारे भागही आधी टाळले जातात.

मॅपफाइल ही या प्रोग्रॅमची खरी कमाई. साधी टेक्स्ट फाइल. कुठून किती बाइट, आणि पुढे एक खूण: अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, तारा आणि तिरकी रेघ म्हणजे अर्धवट. वीज गेली, मशीन अडकलं, चार दिवस मध्ये गेले, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम पुढून सुरू होतं. ही फाइल पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टमच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नका, रीस्टार्टमध्ये जाते. इमेजशेजारी ठेवा आणि अधूनमधून एक प्रत काढा.

वेळेचा हिशेब असा: सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास, युएसबी २ वर ३० एमबीने सव्वानऊ तास, आणि वेग १ एमबीवर आला तर साडेअकरा दिवस. तोवर डिस्क आडवी, सपाट, न हलवता, समोर छोटा पंखा. तापमान ५० अंशांच्या पुढे गेलं तर थांबवून गार होऊ द्या.

आता तक्रार. डीडीरेस्क्यूची नाही, युएसबी ब्रिजची. केसिंगमधली ती चिप खराब सेक्टरवर डिस्कच्या उत्तराची वाट बघत गोठते. स्क्रीनवर 'करंट रेट' शून्य होतो आणि शेवटच्या यशस्वी वाचनानंतरचा वेळ वाढत जातो. हे पाच-दहा मिनिटं चाललं तर कंट्रोल-सी, केबल काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा, तीच आज्ञा द्या. याहून वाईट म्हणजे ब्रिज गायबच होणं. समोर डिस्क नाही हे न कळता उरलेला सगळा भाग काही सेकंदांत खराब म्हणून नोंदवला जाऊ शकतो. एरर अचानक उसळल्या आणि टक्का जागचा हलला नाही, तर तेच झालंय. 'व्हेरिफाय-ऑन-एरर' हा पर्याय यासाठीच आहे. एरर आली की तो शेवटचा चांगला सेक्टर पुन्हा वाचून बघतो, आणि तोही वाचता आला नाही तर थांबतो. नोंदी बिघडल्याच असतील तर 'ट्राय-अगेन' अर्धवट खुणा पुसून पुन्हा प्रश्नचिन्ह करतो.

ब्रिजच काढून टाकता येतो का? सीगेटच्या बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये आत साधी साटा डिस्क, म्हणजे मदरबोर्डाला थेट जोडता येणारी, असते. केसिंग उघडून मदरबोर्डाच्या साटा पोर्टला लावली की निम्मा त्रास संपतो. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक माय पासपोर्टमध्ये युएसबी पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच झाळलेला असतो, साटा पोर्ट नसतोच. शिवाय त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते, पासवर्ड कधी ठेवला नसला तरी. तिथे ब्रिजला वळसा घालून वाचलेलं सगळं निव्वळ कचरा दिसतं. अशा डिस्कचा पोर्ट हलत असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पोर्ट नीट झाळून घेणं हाच सरळ मार्ग. आणखी एक खोच: काही जुनी केसिंग डिस्कला ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं दाखवतात. तीच डिस्क साटावर लावली की ५१२ चे दिसतात, आणि पार्टिशन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. डेटा जागेवरच असतो, मोजण्याचं माप बदललेलं असतं. म्हणून अर्धी इमेज केसिंगमधून, अर्धी साटावरून घेण्याआधी हे तपासा.

डिस्क फारच नाजूक असेल तर सगळी वाचायचीच कशाला? एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टममध्ये फायलींची नोंदवही, म्हणजे एमएफटी, बहुधा पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीवर सुरू होते. आधी आकार १० जीबी देऊन तेवढंच वाचा. मग डीडीआर-युटिलिटीमधलं एनटीएफएस-बिटमॅप चालवलं की डिस्कवर प्रत्यक्ष वापरलेली जागा कोणती याचा नकाशा मिळतो. तो 'डोमेन', म्हणजे वाचायचा तेवढाच भाग, म्हणून दिला की १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबीच भरलेली असेल तर डीडीरेस्क्यू तेवढीच वाचतं. हे साधन फार कमी लोक वापरतात. नाजूक डिस्कवर सगळ्यात जास्त फरक मला यानेच पडलेला दिसला.

पहिली फेरी झाली की डीडीरेस्क्यूव्ह्यू या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मॅपफाइल उघडा. खराब ठिपके एखाद्या कोपऱ्यात दाटले असतील तर पृष्ठभागाला इजा आहे, पुढे जायला हरकत नाही. पण सगळ्या डिस्कभर ठरावीक अंतराने पट्टे दिसले, एक चांगला, एक खराब, तर एक हेड मेलेलं आहे. त्या हेडने आणखी ओढाताण करू नका. चांगले पट्टे तुमच्याकडे आलेच आहेत, बाकीचं पीसी-३००० सारखी उपकरणं असलेल्या लॅबचं काम.

ठिपकेच असतील तर दुसरी फेरी स्क्रेपिंगसह, तीन प्रयत्न देऊन. इथे हिशेब करून बसावं. १ टीबीचे ९९.९९ टक्के मिळाले म्हणजे सुमारे १०० एमबी उरले, म्हणजे ५१२ बाइटचे जवळजवळ दोन लाख सेक्टर. प्रत्येक खराब सेक्टरवर डिस्क पाच सेकंद झगडली तर अकरा दिवस. आजच्या बहुतेक डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, आणि खराब होतो तो आख्खा. सेक्टरचा आकार सुरुवातीपासूनच ४०९६ दिला असेल तर तेच काम दीड दिवसावर येतं. तरीही शेवटच्या १०० एमबीसाठी डिस्क पणाला लावायची का, हे ते कुठे आहेत यावर ठरतं. व्हिडिओत पडले तर एखादी चौकट फाटेल. एमएफटीत पडले तर आख्खी फोल्डरं बेनाव होतील.

फायली काढण्याआधी इमेजची प्रत करून तिच्यावर 'फिल मोड' चालवा. खराब जागांवर तुम्ही दिलेला एखादा ठसठशीत मजकूर भरला जातो. नंतर काढलेल्या फायलींत ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने तो शोधला की कोणत्या फायली मोडल्यात त्याची यादीच समोर येते. हे न केल्यास नुकसान वर्षभराने कळतं, फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो तेव्हा. वर्ड-एक्सेलच्या फायली तेवढं भोक पडलं तरी बहुतेकदा उघडतच नाहीत.

मग इमेज रीड-ओन्ली जोडा. फाइल सिस्टम शाबूत असेल तर सरळ कॉपी. नसेल तर टेस्टडिस्क, किंवा डीएमडीई हा फायली काढणारा प्रोग्रॅम. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फायलींपर्यंत काढू देते, घरगुती कामाला पुष्कळ. एमएफटी सापडली तर 'लग्न २०१४' सारखी देवनागरी नावंही जशीच्या तशी येतात. फोटोरेक अगदी शेवटी. ते फाइल सिस्टमकडे बघतच नाही, फायलींच्या खुणा शोधत जातं. त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात, आणि हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी उरतात. फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शिल्लक असते, एक्झिफटूल या प्रोग्रॅमने वर्ष-महिन्याप्रमाणे लावता येतात. तुकड्यांत लिहिलेले मोठे व्हिडिओ मात्र त्यातून सहसा चालत्या अवस्थेत येत नाहीत.

जिथे हे साधन माझ्या मते वापरूच नये ते दोन प्रसंग. पहिला, चुकून पुसलेल्या फायली. डिस्क धडधाकट असेल तर याचा फायदा फक्त इमेजपुरता. आणि अलीकडच्या एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) काही डिस्क ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना, पाळतात, ती जागा वाचली की नुसती शून्यं येतात. दुसरा, जिच्यावरचा डेटा गेला तर खरोखर परवडणार नाही आणि जी लयीत खटखटते आहे अशी डिस्क. ती थेट लॅबला द्या. आधी काही वाचून झालं असेल तर इमेज आणि मॅपफाइल दोन्ही सोबत द्या. कोणता भाग आधीच मिळालाय हे कळलं तर त्यांना तेवढं वाचायला नको, आणि बदललेलं हेड आत टिकतं तितक्या वेळात उरलेल्या पट्ट्यांवरच काम करता येतं. वॉरंटीत बदलून घेणार असाल तर हे सगळं त्याआधी उरका, कारण जुनी डिस्क कंपनीकडे जमा होते आणि बदलून येते ती कोरी.