'माणदेशी माणसं' : मोठ्यांदा वाचल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते: हे पुस्तक घ्या. पण 'भाषा सोपी आहे, पटकन वाचून होईल' एवढ्यासाठी घेणार असाल तर थांबा.

सासूबाईंना हल्ली छापील अक्षर दिसत नाही. गणपती झाल्यापासून रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांना एखादी गोष्ट वाचून दाखवते. व्यंकटेश माडगूळकरांचं हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक १९४९चं. आमची प्रत अप्पा बळवंत चौकातून आणलेली, जुनी. जेवण आणि झोपेची गोळी यांच्या मधल्या वेळात एक व्यक्तिचित्र सहज होतं.

मनात वाचताना अशी साधी वाक्यं डोळ्यांखालून घसरत जातात. तोंडाने म्हणायला लागलं की त्यांचं वजन कळतं. 'धर्मा रामोशी' घ्या. म्हाताऱ्या धर्माला निवेदक धोतर देतो, आणि ते पुढे दिसतं ते त्याच्या तरण्या लेकीच्या अंगावर. गरिबीवर भाष्य नाही, हळहळ नाही, लेखक तिथेच थांबतो. आवाज कापरा करायला लेखकाने जागाच ठेवलेली नाही. जरा सूर लावला की सासूबाई म्हणतात, "नाटक नको गं, नुसतं वाच." साधेपणाचं मोल मला इथे दिसतं. शब्द सोपे असणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. आपण काय वाटून घ्यायचं हे लेखक सांगत बसत नाही, हे खरं अवघड काम.

मध्ये बदल म्हणून ना. सी. फडके वाचले. त्यांनी १९३१च्या 'प्रतिभासाधना'त कथेचं तंत्र मांडलं, आणि ते गोष्टींत दिसतंही. खरं सांगायचं तर जिभेवर फडकेच जास्त सुळसुळीत चालतात. माडगूळकर अडखळायला लावतात. पण फडक्यांच्या गोष्टीतली कलाटणी एकदा कळली की दुसऱ्या वाचनात गंमत उरत नाही. माडगूळकरांचा 'झेल्या' मात्र सासूबाईंनी पुन्हा मागितला. काय होणार हे माहीत असूनही तो पोरगा त्यांना परत भेटायला हवा होता.

माडगूळकर १९५५पासून पुणे आकाशवाणीवर होते, त्यामुळे कानाला धरणारं गद्य त्यांना तिथे साधलं असेल असं वाटायचं. पण हे पुस्तक त्याआधीचं. कान आधीच तयार होता.

आता तक्रारी. निवेदन प्रमाण मराठीत असलं तरी संवाद माणदेशी बोलीत आहेत, आणि माझ्या नारायण पेठी जिभेला त्यांचा हेल जमत नाही. सासूबाई मिरजेकडच्या, त्या चुका काढतात. माणसाची ओळख जातीवरून करून देणं आज कानाला टोचतं. त्या गावात ती तशीच होत असणार, तरी टोचतं. आणि ओळीने वाचू नका. चार-पाच चित्रं सलग झाली की त्याच त्या हलाखीच्या शेवटांची चाहूल आधीच लागते. साधी शैलीसुद्धा लेखकाची खोड होऊ शकते. एक वाचावं, दोन दिवस दुसरं काही.

आमच्या प्रतीतला टाइप बारीक आहे, रात्री वाचायचं तर चांगला दिवा लागेल. कॉलेजातल्या मुलांना, विशेषतः गोष्टी लिहू पाहणाऱ्यांना, जरूर द्या. परिच्छेदातलं एखादं वाक्य काढून बघा म्हणावं, जमतंय का.

पुढचे म्हणून दि. बा. मोकाशी आणलेत. तेही साधंच लिहितात, पण त्यांची तऱ्हा वेगळी दिसते. थोडे दिवस वाचून मग लिहीन.